दहा राज्यांची एक सरहद्द

वेस्ट इंडिज संघराज्य १९५८ साली स्थापन झाले आणि अवघ्या चार वर्षांत मोडले. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाच्या जनतेने सार्वमताने बाहेर पडण्याचा कौल दिला आणि १९६२ च्या मे महिन्याअखेर संघराज्याचा कारभार आटोपला. क्रिकेटचा संघ तेवढा एक राहिला. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेन येथे ज्या वेस्ट इंडिजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला, ते वेस्ट इंडिज नावाचे राष्ट्र जगाच्या नकाशावर तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. पुढे ४ जुलै १९७३ रोजी चॅग्वारामस येथे झालेल्या तहाने 'कॅरिकॉम' हा समुदाय अस्तित्वात आला, व्यापार आणि जकात यांबाबत काही समान धोरणे ठरली. तथापि कोणास आत घ्यावे आणि कोणास परत पाठवावे हा अधिकार प्रत्येक राज्याने आपल्या मुठीत घट्ट ठेवला, आणि त्यामुळे एका बेटावरून हाकलला गेलेला इसम शेजारच्या बेटावर उतरला, तर तेथील अधिकाऱ्याला त्याची कसलीही खबर नसे.

ही उणीव किती घातक होती हे त्या प्रदेशाचे स्थान पाहिले म्हणजे ध्यानी येते. दक्षिणेस अमली पदार्थ पिकविणारा मुलूख, उत्तरेस ते विकत घेणारी श्रीमंत बाजारपेठ, आणि मध्ये ही चिमुकली राज्ये, ज्यांचा किनारा विस्तीर्ण, पोलीस थोडे आणि तिजोरी हलकी. एकेका राज्याने स्वतंत्रपणे पुरेसा बंदोबस्त ठेवणे हे त्यांच्या ऐपतीबाहेरचेच होते. सुरक्षेच्या बाबतीत एकत्र यावे अशा तजविजी अनेकदा झाल्या. पण त्यांना मूर्त रूप आले ते २००७ च्या क्रिकेट विश्वचषकाने.

ही स्पर्धा १३ मार्च ते २८ एप्रिल या काळात, सोळा संघांची, आठ निरनिराळ्या देशांत भरायची होती. म्हणजे जो प्रेक्षक ब्रिजटाउनला उतरून पुढे सेंट लुशियाला आणि तेथून गयानाला जाणार, त्याने प्रत्येक ठिकाणी नव्याने रांगेत उभे राहून पारपत्र दाखवायचे. आणि तसे घडले असते तर स्पर्धेचा विचका व्हायला वेळ लागला नसता. म्हणून यजमान आठ देश, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट अशा दहा राज्यांनी १ फेब्रुवारी ते १५ मे २००७ या मुदतीपुरते एकच अंतर्गत प्रवासक्षेत्र मानावे, पहिल्या प्रवेशस्थानी तपासणी व्हावी आणि मग पाहुण्याने दहाही राज्यांत मोकळेपणाने हिंडावे, असा निर्णय झाला. त्यासाठी समाईक व्हिसाही काढण्यात आला. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आदी काही देशांच्या नागरिकांना त्यातून सूट होती. भारतीय आणि ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांना मात्र शंभर अमेरिकी डॉलर मोजून तो घ्यावा लागला. क्रिकेटवर सर्वाधिक प्रेम करणाऱ्यांनाच ही तोशीस पडावी हे मला तेव्हाही रुचले नव्हते आणि आजही रुचत नाही.

पहिल्या दारात एकदाच तपासणी करायची तर ती नेटकी हवी, आणि नेटकी तपासणी माणूस दारात येऊन उभा राहिल्यावर होत नाही; तो निघण्यापूर्वीच त्याची माहिती हाती यावी लागते. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने अशी आगाऊ प्रवासी-माहिती विमान कंपन्यांकडून ऐच्छिक स्वरूपात घेण्यास १९८८ साली प्रारंभ केला होता, आणि सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ती कायद्याने सक्तीची केली. कॅरिबियन राज्यांनी तीच पद्धत उचलली, परंतु तीत एक मोलाची भर घातली. माहिती दहा दप्तरांत वेगवेगळी न जाता एका ठिकाणी यावी, तेथे एकदाच पडताळली जावी आणि निष्कर्ष सर्वांना मिळावा, ही ती भर. जुलै २००६ मध्ये कॅरिकॉमच्या राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेने गुन्हे व सुरक्षा यांसाठी 'इम्पॅक्स' ही संस्था स्थापन केली. तिचे मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनला आणि प्रवाशांच्या याद्या तपासणारे संयुक्त प्रादेशिक दळणवळण केंद्र बार्बाडोसमध्ये.

या केंद्राकडे जाते ते काय, हे जवळून पाहण्याजोगे आहे. पारपत्राच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिलीत देश आणि नाव. दुसरीत पारपत्राचा क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग आणि मुदतीची तारीख. क्रमांक आणि तारखांच्या पुढे एकेक पडताळणीचा अंक असतो. आधीच्या अंकांना ओळीने ७, ३ आणि १ यांनी पुनःपुन्हा गुणून, बेरजेला दहाने भागून जी बाकी उरते तो हा अंक. त्यामुळे यंत्राने तीनच्या जागी आठ वाचला तर चूक तेथल्या तेथे पकडली जाते. विमानतळावरील कारकून पारपत्र यंत्रावर ठेवतो, या ओळी आणि उड्डाणाचा तपशील एका ठराविक नमुन्यात केंद्राकडे जातो, आणि हरवलेल्या व चोरीच्या पारपत्रांच्या याद्यांशी, तसेच संशयितांच्या नोंदींशी त्यांची तुलना होते.

नावाच्या ओळीला मात्र असा पडताळणीचा अंक नाही, आणि खरी जोखीम तेथेच आहे. त्रिनिदाद आणि गयाना येथे गिरमिटिया मजुरांच्या वंशजांची वस्ती मोठी. त्यांच्या पूर्वजांची नावे कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली, म्हणून एकच रामप्रसाद कोठे रामप्रसाद राहिला तर कोठे रामपरसाद झाला, आणि सिंग व मोहमद तर पावलोपावली. नावाच्या साधर्म्यावरून निरपराध माणूस अडविला जाऊ नये म्हणून जन्मतारीख आणि पारपत्र-क्रमांक जुळविण्याची काळजी घेणे, हे या पद्धतीतले सर्वांत जबाबदारीचे काम आहे, असे माझे मत आहे.

विश्वचषक पार पडला. भारत आणि पाकिस्तान पहिल्याच फेरीत बाद झाल्याने प्रेक्षकांच्या अपेक्षित लोंढ्याला ओहोटी लागली, आणि २८ एप्रिलला केन्सिंग्टन ओव्हलवर काळोख दाटत असता ऑस्ट्रेलियाने श्रीलंकेला हरविले. १५ मे रोजी मुदत सरताच अंतर्गत प्रवासक्षेत्र संपुष्टात आले. प्रवाशांची आगाऊ माहिती घेण्याची व्यवस्था मात्र कायम राहिली. हा सौदा दोन अंगांचा होता, राज्याराज्यांत मोकळीक आणि बाहेरच्या हद्दीवर दक्षता. त्यांपैकी दक्षता टिकली आणि मोकळीक गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

२००७ च्याच जुलैत राष्ट्रप्रमुखांनी समुदायाच्या नागरिकास कोणत्याही सदस्य राज्यात सहा महिने राहू द्यावे असा ठराव केला खरा. पण ठराव आणि नाक्यावरील वर्तन यांत अंतर होते. मार्च २०११ मध्ये जमैकाची एक तरुणी बार्बाडोसच्या विमानतळावर अडविली गेली, तिची अपमानास्पद झडती झाली आणि दुसऱ्या दिवशी तिला परत पाठविण्यात आले. तिने कॅरिबियन न्यायालयात दाद मागितली, आणि ऑक्टोबर २०१३ च्या निकालाने सहा महिन्यांचा तो हक्क कायदेशीर व बंधनकारक ठरला. नाकारायचे तर कारण लेखी कळविले पाहिजे आणि दाद मागण्याचा मार्ग सांगितला पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. आगाऊ माहितीच्या इतिहासात या निकालाला मी फार वरचे स्थान देतो, कारण यादीतील नोंदीवरून माणसाला परत पाठविणाऱ्या अधिकाऱ्यालाही तोच नियम लागू होतो.

दरम्यान जगाचे वळणही तेच झाले. सीरियातील युद्धात सामील होण्यासाठी परदेशी तरुण निघू लागले, त्यांत लोकसंख्येच्या मानाने त्रिनिदादचा वाटा लक्षणीय होता. सुरक्षा परिषदेने सप्टेंबर २०१४ च्या २१७८ क्रमांकाच्या ठरावात प्रवाशांची आगाऊ माहिती घेण्याचे आवाहन केले आणि डिसेंबर २०१७ च्या २३९६ क्रमांकाच्या ठरावात ते सर्व सदस्य राष्ट्रांचे कर्तव्य ठरविले. तोपर्यंत या चिमुकल्या राज्यांच्या गाठीला समाईक केंद्राचा दहा वर्षांचा अनुभव जमला होता.

मोकळिकीचे अंग मात्र सावकाश उभे राहत आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बार्बाडोस, बेलीझ, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट या चार राज्यांनी परस्परांच्या नागरिकांना राहण्याची व काम करण्याची पूर्ण मुभा दिली. त्यांतील तीन राज्ये २००७ च्या त्या दहांमधली आहेत. उरलेली सात अद्याप बाहेर आहेत.