नवजात बाळाची कावीळ : कानांची तपासणी विसरू नका

बाळ जन्माला आलं की आपण त्याच्या कानात अजान देतो. ज्या कानांशी आपण सर्वांत आधी बोलतो, त्यांनाच जास्त काविळीमुळे धोका होऊ शकतो. आपल्या बऱ्याच घरांत हे माहीत नसतं.

पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त बाळं थोडीफार पिवळी दिसतात. लाल रक्तपेशी फुटून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि बाळाचं कोवळं यकृत ते पटकन बाहेर टाकू शकत नाही. बहुतेकांची कावीळ एक-दोन आठवड्यांत जाते. पण बिलिरुबिन फारच वाढलं तर ते मेंदूत शिरतं आणि ऐकण्याच्या नसेला इजा करतं. बाळ वरून ठणठणीत दिसलं तरी ही इजा झालेली असू शकते.

कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक वाढते. तोवर बाळ बहुधा घरी आलेलं असतं. मग नानी-दादी सांगतात, "कोवळं ऊन दाखवा." ही गोष्ट अगदीच खोटी नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका परिचारिकेने उन्हाचा हा परिणाम पाहिला आणि त्यातूनच निळ्या प्रकाशाचा उपचार निघाला. पण दवाखान्यातला प्रकाश मोजून दिलेला असतो, ऊन तसं नसतं. त्यात चिपळूणच्या पावसात ऊन येणार कधी? उन्हाची वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात.

बाळ पहिल्या चोवीस तासांतच पिवळं झालं, तळहात-तळपाय पिवळे झाले, दूध ओढेना, सुस्त पडलं, कर्कश रडू लागलं किंवा अंग मागे ताणू लागलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं बाळ, आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा ओ असणं, आधीच्या मुलाला जास्त कावीळ झालेली असणं, इथे जास्त जपावं. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. काही बाळांत त्यांच्या वासानेही रक्तपेशी फुटतात.

कावीळ उतरली तरी काम संपत नाही. कानाच्या साध्या चाचणीत, म्हणजे ओएईत, फक्त आतला कान तपासला जातो. काविळीने नस बिघडली असेल तर ही चाचणी 'पास' येऊ शकते. म्हणून जास्त कावीळ झालेल्या बाळाची 'बेरा' चाचणी करून घ्या. बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही. दोष असेल तर तो तीन महिन्यांच्या आत कळावा आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, म्हणजे बोलणं मागे पडत नाही.

आपल्या तालुक्यात कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. 'बेरा' कुठे होते, हे तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत उपचार होतात.

घरी सोडतानाचा कागद जपून ठेवा. त्यावर बिलिरुबिनचा सर्वांत जास्त आकडा लिहून मागा. पुढे कानाच्या डॉक्टरांना तोच आकडा लागतो. दुआ करूच, पण तपासणीची तारीख चुकवू नका.