तांबीचा लुप्त दोरा

गर्भाशयात बसविलेल्या गर्भनिरोधक साधनाचा (तांबीचा) दोरा बोटास लागत नाही किंवा गर्भाशय ग्रीवेच्या मुखाशी तपासणीत दिसत नाही, अशा स्थितीस लुप्त दोरा म्हणतात. हा रोग नव्हे. साधन जागेवर असल्याची खूण नाहीशी झाली, एवढाच त्याचा अर्थ होय. मात्र अशा वेळी साधन पडून गेले असे गृहीत धरणे आणि ते आत सुरक्षित आहे असे गृहीत धरणे, ही दोन्ही अनुमाने सारखीच घातक ठरू शकतात.

दोऱ्याचे प्रयोजन : अमेरिकन वैद्य जॅक लिपीज यांच्या पॉलिएथिलिनच्या लूपला नायलॉनचा एकतंतू दोरा जोडलेला होता. भारतात लूपचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६५ मध्ये सुरू झाला. पुढे तांब्याची तार गुंडाळलेली ‘टी’ आकाराची साधने आली व लोकभाषेत ‘तांबी’ हे नाव रूढ झाले. बसविताना दोरा मुखाबाहेर सु. ३ ते ४ सेंमी. ठेवून कापतात. त्यामुळे साधनाची स्थिती ओळखता येते व ते सहज काढता येते. पाळीनंतर हात धुऊन, उकिडवे बसून, बोटाने दोरा चाचपता येतो. तो ओढू नये. दोरा पूर्वीपेक्षा लांब वाटल्यास किंवा टणक टोक लागल्यास साधन खाली सरकले असे समजावे.

कारणे : पुष्कळदा दोरा ग्रीवानलिकेत किंवा गर्भाशयात वर ओढला गेलेला असतो आणि साधन योग्य जागी असते. प्रसूतीनंतर लगेच बसविलेल्या तांबीचा दोरा काही काळ दिसत नाही, हेही स्वाभाविक होय. याशिवाय साधन पाळीच्या वेळी नकळत पडून जाणे, गर्भधारणेमुळे गर्भाशय वाढून दोरा वर जाणे आणि क्वचित (सु. हजारात एक वेळा) गर्भाशयाची भित्ती भेदून साधन उदरपोकळीत जाणे, ही कारणे संभवतात.

तपासणी व उपाय : प्रथम गर्भधारणा नसल्याची खात्री करतात. साधनाचा ठाव लागेपर्यंत निरोध किंवा अन्य उपाय वापरणे आवश्यक असते. नंतर योनिदर्शकाने तपासणी करून ग्रीवानलिकेतील दोरा बारीक चिमट्याने किंवा मऊ ब्रशाने हलकेच खाली आणतात. तो न मिळाल्यास सोनोग्राफी करतात. साधन गर्भाशयात नीट असल्यास व स्त्रीला ते हवे असल्यास काढण्याची गरज नसते. सोनोग्राफीत न दिसल्यास संपूर्ण उदराचे क्ष-किरण चित्र घेतात. त्यातही न आढळल्यासच साधन पडले असे निश्चित होते. ही खात्री न करता दुसरी तांबी बसवू नये. उदरपोकळीतील तांबीमुळे आतडी परस्परांस चिकटण्याचा धोका असल्याने ती उदरदर्शकाद्वारे काढतात. गर्भधारणा झाली असल्यास ती गर्भाशयाबाहेर नाही ना, हे आधी पाहावे लागते. साधन गर्भाशयातच असल्यास गर्भपात, जंतुसंसर्ग व अकाली प्रसूती यांचा धोका वाढतो.

वनप्रदेशातील प्रश्न : चंद्रपूरजवळील ऊर्जानगर या औष्णिक विद्युत् केंद्राच्या वसाहतीतील स्त्रीला शहरातील सोनोग्राफी जवळ पडते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारख्या भागाचा संपर्क मात्र पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने तुटतो. याच जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची राणी बंग व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. परंतु पूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. जेथे अशी तपासणीच दुर्मिळ, तेथे दोरा लुप्त झाल्याचे वर्षानुवर्षे ध्यानी न येणे शक्य असते. म्हणून गर्भचाचणी, योनिदर्शकाने तपासणी व निरोधाचा पुरवठा हे पहिले तीन टप्पे गावाजवळच्या उपकेंद्रात पार पडणे आणि तांबीचा प्रकार व बसविल्याची तारीख असलेली चिठ्ठी स्त्रीजवळ असणे महत्त्वाचे ठरते.