गवताचा पूल टिकतो कसा?

गवताच्या दोरीवरून खोल नदी ओलांडाल का? पेरू देशात, कुस्को भागात लोक ओलांडतात. अपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल जवळपास 30 मीटर लांब आहे आणि त्याचे सगळे दोर इचू नावाच्या गवताचे आहेत.

इचू अँडीज पर्वतात, साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर वाढतं. तिथे थंडी कडक, वारा बोचरा, झाडं जवळपास नाहीतच. इचूची पानं बारीक आणि तारेसारखी ताठ, त्यामुळे पाणी कमी उडतं. लामा-अल्पाका ते चरतात, लोक त्याने घरं शाकारतात. स्पॅनिश राजवटीत वान्काव्हेलिकाच्या पाऱ्याच्या भट्ट्यांमध्ये जळण म्हणूनही हेच वापरायचे.

पण एक काडी तर बोटाने तुटते, मग पूल कसा पेलतो? उत्तर आहे पीळ. गवत भिजवून, दगडाने ठेचून मऊ करतात आणि बायका त्याच्या बारीक दोऱ्या वळतात. ताण आला की काड्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात आणि घर्षणामुळे सरकत नाहीत. एखादी तुटली तर तिचा भार शेजारच्या घेतात. मग पुरुष अशा कितीतरी दोऱ्यांचे जाडजूड दोर करतात: चार पायाखाली, दोन हाताने धरायला.

आता खरी अडचण. ऊन-पावसात गवत कुजतं. म्हणून दरवर्षी जूनमध्ये चार गावं एकत्र येतात, जुना पूल तोडून नदीत सोडतात आणि काही दिवसांत नवा बांधतात. जवळच गाड्यांसाठी पक्का पूल आहे, तरीही! 2013 मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली.

2020 मध्ये कोरोनामुळे हे काम झालं नाही. मार्च 2021 मध्ये पूल कोसळला. एक वर्ष चुकलं, बस्स! पण त्याच जूनमध्ये लोकांनी तो पुन्हा उभा केला, कारण दोर कसा वळायचा हे गावातल्या हातांना माहीत होतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. ज्या कोडला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, तो बिघडला की दुरुस्त करणारा सापडत नाही. केस्वाचाकाचा पूल शंभर वर्षं टिकणारा असता, तर तो बांधायला शिकलेलं आज कोण उरलं असतं? विचार करा, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!