गाडीच्या रंगाचे पोपडे निघतात तेव्हा

१९६९ साली सुरू झालेल्या जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतून शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या लष्करात गेल्या. 'जोंगा' या नावातही जबलपूरचं आद्याक्षर आहे. या लष्करी गाड्यांचा रंग मुद्दाम बिनचमकीचा असे, उन्हात चकाकून त्या लांबून दिसू नयेत म्हणून. चमक नसली तरी पत्रा सांभाळण्याचं काम तो रंग करतच होता. पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचू न देणं, हे रंगाचं पहिलं काम. घरच्या गाडीचे पोपडे निघू लागले की हीच गोष्ट नजरेआड होते आणि चुकीच्या उपायांवर पैसे जातात.

गैरसमज : पोपडे निघाले तर गाडी फक्त वाईट दिसते.
वस्तुस्थिती : किती खोलवर निघाले, त्यावर सगळं अवलंबून आहे. पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, मग प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा-सातवा भाग. पांढुरकी झालेली जागा ओली करून पाहा. पाण्याने मूळ रंग परत दिसला, तर बहुधा फक्त क्लिअर कोट गेला आहे. थोडी सवड आहे. राखाडी प्राइमर दिसत असेल तर घाई करा. पत्रा उघडा पडला असेल तर एका पावसातही तांबूस डाग उठतो, आणि गंज शेजारच्या चांगल्या रंगाखालून पसरत जातो.

गैरसमज : कंपनीचा रंग असेल तर पोपडे निघतच नाहीत.
वस्तुस्थिती : उन्हातली अतिनील किरणं क्लिअर कोट हळूहळू ठिसूळ करतात, म्हणून टप आणि बॉनेट आधी खराब होतात. जबलपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. झाडाखाली लावावी तर पक्ष्यांची विष्ठा तापल्या रंगावर वाळते आणि डाग आत उतरतो. दुरुस्तीनंतर रंगवलेल्या भागाचे पोपडे निघण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं : खालचा भाग नीट घासला नाही, तेलकटपणा राहिला किंवा थर वाळायच्या आत दुसरा मारला. प्लॅस्टिकच्या बंपरला रंग धरण्यासाठी खास प्राइमर लागतो. तो टाळला की सालीसारखा रंग सुटतो.

गैरसमज : पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग केलं की भागतं.
वस्तुस्थिती : पॉलिश वरचा थर किंचित घासून चमक आणतं. निघालेला क्लिअर कोट त्याने परत येत नाही, उलट कडेचा कमजोर भाग आणखी उचकटतो. सिरॅमिक कोटिंग धडधाकट रंगाचं रक्षण करतं. पण खालचा थरच सुटत असेल तर कोटिंगही त्याच्याबरोबर निघून येतं.

गैरसमज : वरून टचअप मारला किंवा लांबी (पुट्टी) भरली की झालं.
वस्तुस्थिती : सुटलेल्या कडेवर मारलेला रंग त्या कडेसह निघतो. आधी सैल पोपडे काढून वॉटर पेपरने कडा घासावी लागते, इतकी की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढून इपॉक्सी प्राइमर, मग रंग, शेवटी क्लिअर कोट. गंजावर थेट लांबी भरली तर ती ओल धरते आणि आत पत्रा खात राहतो. नखाएवढी जागा घरी करता येते. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनाजवळच्या पट्टीवर सापडतो. मोठ्या भागाचा क्लिअर कोट मात्र डेंटर-पेंटरकडूनच मारून घ्या. त्यात मिसळल्या जाणाऱ्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते, साधा रुमाल ती अडवत नाही.

गैरसमज : कव्हर घातलं की गाडी सुरक्षित.
वस्तुस्थिती : धुळीच्या गाडीवर कव्हर वाऱ्याने फडफडलं की ते पॉलिश पेपरसारखं घासतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर ओल कोंडतं. गाडी धुऊन, वाळवून, हवा खेळती ठेवणारं कापडी कव्हर घाला. शेडची सावली त्याहून उत्तम. धुताना कपड्यांची पावडर नको, ती मेणाचा थर उतरवते. गाडीचा शॅम्पू वापरा.

गैरसमज : विम्यातून रंग होईल.
वस्तुस्थिती : अपघाताने रंग गेला तर दावा करता येतो. वयोमानाने आणि उन्हाने झालेली झीज साधारण पॉलिसीत धरली जात नाही.

मग काम कधी करावं?
जबलपुरात पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात येतो. दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि मेच्या कडक उन्हात रंग नीट बसण्याआधीच वाळतो. म्हणून पूर्ण रंगकाम हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्या. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र हिवाळ्याची वाट पाहू नका. पावसाआधी एखाद्या कोरड्या सकाळी गंज काढा, सावलीत प्राइमर मारून तो भाग बंद करा. रंग जुळायचा राहिला तरी चालेल, पत्रा वाचला की पुढचं सगळं हातात राहतं.