तळघराची किल्ली कुणाकडे? वेड्यांच्या इस्पितळातले भयपट आणि सैलानीची साखळी

भयपटांच्या दुनियेत वेड्यांच्या इस्पितळाची एक स्वतंत्र आळी आहे. तिथं भूत असलंच पाहिजे असं नाही आणि पैसाही फार लागत नाही. एक जुनी इमारत, नुकताच आलेला एक परका माणूस आणि एक कुलूप एवढ्यावर काम भागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला मात्र असा सिनेमा पाहताना कुलपाच्या आधी साखळी आठवते, कारण जिथं मनोरुग्ण साखळीनं बांधलेले दिसत आले, तो सैलानीचा दर्गा त्याच्या घरापासून लांब नाही. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर सिनेमातली भीती नेमकी कशाची आहे ते कळतं.

एक नमुना: 1973 चं तळघर

‘डोन्ट लुक इन द बेसमेंट’ हा या जातीचा अस्सल नमुना. एस. एफ. ब्राउनरिग या दिग्दर्शकानं तो अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जेमतेम बारा दिवसांत चित्रित केला. खर्च एक लाख डॉलरच्याही आत. शार्लट नावाची तरुण नर्स आडरानातल्या एका मनोरुग्णालयात नोकरीवर रुजू होते. तिला नेमणारे डॉक्टर एका रुग्णाच्या कुऱ्हाडीला बळी पडलेले असतात आणि कारभार डॉ. मास्टर्स या बाईंच्या हाती असतो. पुढचं रहस्य फोडल्याशिवाय या प्रकाराची मेख सांगता येत नाही, म्हणून सांगतो: डॉ. मास्टर्स स्वतःच तिथल्या रुग्ण असतात.

त्यातला एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एक म्हातारी रुग्ण शार्लटला सांगते, इथून निघून जा, परत येऊ नकोस. थोड्याच वेळात त्या म्हातारीची जीभ कापलेली आढळते. डॉ. मास्टर्स सांगतात, तिनंच कापून घेतली. शार्लटला ते पटतं. डॉक्टर म्हणतात म्हणजे खरंच असणार!

खर्च कमी का येतो?

गोष्ट एका इमारतीबाहेर जात नाही. पात्रं दहाबारा, कपडे साधे. नटाचा अभिनय जरा भडक झाला तरी खपतो, कारण पात्रच रुग्ण आहे असं म्हणता येतं. अंधार तर फुकटचाच.

पुढच्या निर्मात्यांनी हेच गणित वापरलं. ब्रॅड अँडरसनचा ‘सेशन 9’ (2001) मॅसॅच्युसेट्समधल्या डॅन्व्हर्स या बंद पडलेल्या खऱ्या मनोरुग्णालयात, डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला. पडके वॉर्ड आणि गंजलेल्या खाटा आयत्याच मिळाल्या. दक्षिण कोरियातल्या ‘गोंजियाम: हाँटेड असायलम’च्या (2018) मंडळींनी बुसान शहरातल्या एका बंद शाळेलाच इस्पितळाचं रूप दिलं. लांब बोळ आणि ओळीनं दारं असली, की शाळेचं इस्पितळ व्हायला वेळ लागत नाही.

डॉक्टर कोण, रुग्ण कोण?

ही कलाटणी सिनेमाहून जुनी आहे. एडगर ॲलन पो याच्या 1845 मधल्या एका कथेत एक प्रवासी फ्रान्समधलं मनोरुग्णालय पाहायला जातो, तिथल्या मंडळींबरोबर जेवतो आणि शेवटी कळतं, की यजमान हेच रुग्ण. खरे रखवालदार कोंडलेले आहेत. जर्मनीतल्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ (1920) या मूकपटात उलटा प्रकार होतो: आपण ज्याची गोष्ट विश्वासानं ऐकत आलो, तोच इस्पितळातला रुग्ण निघतो. ब्रिटिश ‘असायलम’मध्ये (1972) तर एका तरुण डॉक्टरला कोडंच घातलं जातं: या रुग्णांपैकी आपला माजी डॉक्टर कोणता, ते ओळखून दाखव.

या सगळ्यांचा धागा एकच. एकदा कपाळावर ‘वेडा’ असा शिक्का बसला, की माणसाचं खरं बोलणंसुद्धा आजाराचंच लक्षण ठरतं. ही नुसती कल्पना नव्हे. 1887 मध्ये नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या इस्पितळात शिरली. आत गेल्यावर तिनं सोंग टाकलं, नेहमीसारखी वागली, तरी कुणी तिला शहाणी मानेना. दहा दिवसांनी तिच्या वृत्तपत्रानं सोडवलं तेव्हा ती बाहेर आली.

मराठीत काय आहे?

मराठीत याच्या जवळ जाणारा अलीकडचा सिनेमा म्हणजे विशाल फुरिया दिग्दर्शित ‘बळी’ (2021). तो मनोरुग्णालयात घडत नाही, साध्या इस्पितळात घडतो. स्वप्नील जोशीनं केलेला बाप आपल्या मुलाला तपासण्यांसाठी दाखल करतो आणि मुलगा सांगू लागतो, की बंद पडलेल्या भागातली एक नर्स माझ्याशी बोलते. इथंही पेच तोच: पोराचं ऐकायचं, की त्याला औषध द्यायचं?

सैलानीची साखळी

बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीला इथं मोठी यात्रा भरते. सगळ्या धर्मांचे लोक येतात, उतरवलेल्या नारळांची होळी पेटते. यात्रा संपली तरी एक वर्ग मागं राहतो, तो मनोरुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. साखळीनं किंवा दोरानं बांधलेले रुग्ण इथं दिसत आले आहेत आणि वर्तमानपत्रांनी त्यावर वेळोवेळी लिहिलंही आहे.

घरचे दुष्ट असतात म्हणून माणसाला बांधतात, असं समजणं चूक आहे. रात्ररात्र न झोपणारा, नसलेले आवाज ऐकणारा, घरच्यांवरच संशय घेणारा मुलगा उठून विहिरीकडे पळतो तेव्हा बांधण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. शिवाय ‘वेड लागलं’ म्हटलं तर बहिणीचं लग्न अडतं. ‘बाहेरचं लागलं’ म्हटलं तर दोष बाहेरच्याकडे जातो आणि घराची अब्रू राहते. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात बराच काळ चारच होती: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. बुलढाण्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढं. सैलानीला एसटीनं जाता येतं आणि तिथं कुणी फॉर्म भरून घेत नाही.

कायदा काय म्हणतो?

6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथं, अशाच एका दर्ग्याच्या परिसरातल्या खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीनं जखडलेल्या 28 मनोरुग्णांना पळता आलं नाही. ते जळून मेले. त्यानंतर न्यायालयं आणि सरकारं हलली.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरानं किंवा साखळीनं बांधून मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच ते पन्नास हजार रुपये. नवस बोलणं, दर्ग्यावर किंवा देवळात जाणं यावर या कायद्यानं बंदी घातलेली नाही.

केंद्राच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मनोरुग्णाला साखळदंड घालायला सरळ मनाई केली. भूल न देता विजेचे झटके देणंही बंद केलं. त्यातली आणखी एक तरतूद आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते: आजारी पडल्यास मला कसे उपचार द्यावेत आणि कसे देऊ नयेत, हे कुणीही सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. सिनेमातल्या म्हातारीची जीभ कापली जाते. हा कायदा रुग्णाची जीभ शाबूत ठेवायचा प्रयत्न करतो.

दवा आणि दुआ

श्रद्धा आणि उपचार यांची जोड घालता येते. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथं मीरा दातारच्या दर्ग्यावर ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम 2008 मध्ये उभा राहिला. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय. दुआ करणारे मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडं धाडतात. 

फोनवर मदत हवी असेल तर ‘टेली मानस’ ही केंद्र सरकारची 14416 या क्रमांकावरची सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. गावातून जवळचा पत्ता म्हणजे बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडल्या, की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

असा सिनेमा कसा पाहावा?

जरूर पाहावा आणि घाबरावंही. त्यासाठीच तो काढलेला असतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. सिनेमातला मनोरुग्ण कुऱ्हाड घेऊन धावतो. खऱ्या आयुष्यातले बहुतेक मनोरुग्ण कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट मार त्यांनाच बसतो. आणि सिनेमा संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासाकडं पुन्हा वळून पाहावं. सगळ्यांत आधी खरं कोण बोललं होतं? बहुतेक वेळा ती असते कोपऱ्यातली एखादी म्हातारी. आपणही तेव्हा तिचं ऐकलेलं नसतं.