मोठी रक्कम, लहान रकाना



शाळा अर्धवट सुटलेल्या कामगार कार्यकर्त्याने कंपायलरवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मला या विषयाकडे एका पगारपत्रकाने ओढले. एका कारखान्यात नव्या कराराच्या थकबाकीपोटी एका कामगाराला ४०,००० रुपये यायचे होते. पत्रकावर छापून आले उणे २५,५३६! कचेरीचे उत्तर एकच : ‘संगणकाने काढले आहे.’ संगणक असे का काढतो, हे शोधताना जे शिकलो तेवढेच आज सांगतो.

संगणकात प्रत्येक संख्येला ठरावीक रुंदीचा रकाना असतो. ती रुंदी बिटांत मोजतात. एका बिटात शून्य किंवा एक मावतो. ८ बिटांत ० ते २५५ बसतात. १६ बिटांत, उणे-अधिक चिन्ह धरून, −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. मोठ्या रकान्यातील पूर्णांक लहान रकान्यात ठेवायला सांगितले, की सी भाषेचे कंपायलर सामान्यतः उजवीकडचे बिट ठेवतात आणि डावीकडचे सोडून देतात. ३०० ही संख्या ८ बिटांत घाला. २५६ गळून ४४ उरतात. आमच्या ४०,००० चा तर एकही कामाचा बिट गळला नव्हता. परंतु १६ बिटांत सर्वांत डावा बिट चिन्हाचा मानला जातो. तो १ होता, म्हणून ६५,५३६ वजा धरले गेले आणि घेणेकरी देणेकरी झाला.

कंपायलर हे मुकाट्याने का करतो? कारण तोडणे जवळजवळ फुकट असते, तपासण्याला मात्र जादा आज्ञा आणि वेळ लागतो. जावा भाषेत रूपांतर स्पष्ट लिहून द्यावे लागते. पण एकदा लिहून दिले, की तीही निमूटपणे तोडते. २०११ पासून सी प्लस प्लसमध्ये महिरपी कंसात मूल्य दिल्यास अशी तोड नियमबाह्य ठरते. जीसीसी या कंपायलरला सांगितले तर तो इशारा देतो. परंतु ‘सर्व इशारे’ अशा नावाच्या कळीत नेमका हाच इशारा येत नाही. तो वेगळा मागावा लागतो.

ॲडा भाषा मात्र तपासते आणि न मावल्यास हाकाटी करते. मग प्रश्न सुटला काय? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरूहून एरियान ५ हे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले. त्यातील ॲडा प्रोग्रॅम एरियान ४ वरून घेतलेला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. त्यावरून काढलेली ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावेना. भाषेने हाक दिली. ती ऐकून सावरण्याची तजवीज तेथे नव्हती. धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण होते; संगणकावर भार नको म्हणून तीन उघड्या ठेवल्या होत्या. जोडीचा राखीव संगणकही त्याच प्रोग्रॅमवर चालत असल्याने त्याच कारणाने बंद पडला. सुमारे ४० सेकंदांत बाण नष्ट झाला.

तक्रारपेटी टांगणे आणि तक्रार ऐकणारा माणूस नेमणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हां संघटनावाल्यांना ठाऊक आहे. आमच्या कामगाराला त्याचे पैसे मिळाले, कारण आम्ही विचारले : रकाना किती रुंद आहे? तो कोणी ठरवला? न मावल्यास काय होते? आपणही ‘संगणकाने काढले’ या उत्तरावर थांबू नका.