नेक्सॉन की ब्रेझा? जालन्याच्या घरासाठी गाडीचा हिशेब

पेढीवर मालाचा सौदा करताना आपण नमुना हातात घेऊन पारखतो, वजन पाहतो, भावाची घासाघीस करतो. गाडी मात्र रंग पाहून, किंवा व्याह्यांनी कोणती घेतली हे ऐकून ठरवतो. जालन्याच्या मोंढ्यात अशा रीतीने सौदा करणाऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाही.

चार मीटरच्या आतील कौटुंबिक एसयूव्हींचा विषय निघाला की दोन नावे हमखास पुढे येतात. टाटा नेक्सॉन 2017 मध्ये बाजारात आली. ती आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होते. मारुती सुझुकीची गाडी 2016 मध्ये विटारा ब्रेझा या नावाने आली आणि 2022 मध्ये नव्या बांधणीत नुसती ब्रेझा झाली. दोहोंची लांबी सारखीच, 3995 मिलिमीटर. कराचे गणित मात्र सारखे नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंत पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंत डिझेल इंजिनाच्या गाडीस 18 टक्के जीएसटी लागतो. त्यापलीकडच्या गाडीस 40 टक्के. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन 1199 सीसीचे व डिझेल 1497 सीसीचे, म्हणून दोन्ही खालच्या दरात बसतात. ब्रेझाचे पेट्रोल इंजिन 1462 सीसीचे असल्याने ती वरच्या दरात जाते. किमतीच्या पत्रकात हा फरक ठळक दिसत नाही, पण बिलात तो असतोच.

फर्मच्या नावावर गाडी घ्यावी का, हा आपल्या घरांतील नेहमीचा प्रश्न. घसारा मिळतो हे खरे. परंतु तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवरील जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्यास मिळत नाही, आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील गाडीस रस्ता-करही अधिक भरावा लागतो. आपल्या सीएंना आधी विचारावे. शोरूममधील विक्रेता हे आपणहून सांगणार नाही.

आता मूळ मुद्दा. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि जालनेकरांच्या प्रवासाची रीतच पालटली. सकाळी निघून दुपारी नागपूरचे काम उरकावे आणि चौविहाराच्या आत घर गाठावे, हा मोह आता अनेकांना होतो. या रस्त्यावर मोटारीस ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर खासगी बस पेटून 25 प्रवासी दगावले. ती जागा आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. म्हणून गाडीच्या सांगाड्याची मजबुती ही माझ्या मते पहिली कसोटी ठरते.

2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही पहिली भारतीय गाडी. नंतर नियम अधिक कडक झाले. 2024 मध्ये तिने पुन्हा पाच तारे मिळवले, तेही मोठ्यांच्या व मुलांच्या अशा दोन्ही सुरक्षेसाठी. जुन्या विटारा ब्रेझाला 2018 मध्ये चार तारे मिळाले होते. तो निकाल आजच्या ब्रेझास लावता येत नाही. तथापि तारे कितीही असोत, मागच्या आसनावरचा पट्टा न बांधल्यास ते व्यर्थ. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा ते महागड्या मोटारीच्या मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे आजी-आजोबा मागेच बसतात, आणि नातू बहुधा मांडीवर. मुलासाठी स्वतंत्र बालआसन घ्यावे; त्याची किंमत सनरूफच्या तुलनेत काहीच नाही.

ब्रेझाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तिची उंची 1685 मिलिमीटर, नेक्सॉनची 1620. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना चढउतार कोणत्या गाडीत सोपी जाते, हे त्यांना बसवूनच पाहावे. तिचे चार सिलिंडरचे इंजिन शांत चालते. नेक्सॉनच्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची थरथर गर्दीत जाणवते, मात्र टर्बोमुळे ओव्हरटेक करताना जोर अधिक मिळतो. मारुतीचे सेवाजाळे देशात सर्वांत मोठे, हीही लहान गावांत फिरणाऱ्या व्यापाऱ्यास मोठी सोय.

सामानाचे पाहा. नेक्सॉनची डिकी 382 लिटरची, ब्रेझाची 328. सीएनजी घ्यायची असेल तर फरक वाढतो. 2023 मध्ये आलेल्या सीएनजी ब्रेझात टाकीच डिकी व्यापते; नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या तळाशी बसवून 321 लिटर जागा राखली आहे. कचनेरच्या दर्शनास डबे, पाण्याची भांडी, अंथरुणे घेऊन सहकुटुंब निघणाऱ्यांना हे महत्त्वाचे.

एक बाब आपल्या घरांसाठी विशेष. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत आसने, स्टिअरिंग व गिअरची मूठ यांवर चामड्यासारखे आवरण असते. काही ठिकाणी ते कृत्रिम असते, काही ठिकाणी पत्रकात नुसता ‘लेदर’ शब्द असतो. ‘सगळे आर्टिफिशियलच आहे’ या तोंडी शब्दावर विसंबू नये. लेखी उत्तर मागावे, नाहीतर कापडी आसनांची श्रेणी घ्यावी.

माझा कौल स्पष्ट सांगतो. शहरातच फिरणे आणि अधूनमधून अंबड-परतूर असेल तर ब्रेझा निश्चिंत गाडी आहे. महिन्यातून दोन-तीनदा समृद्धीवर जाणाऱ्या घराने नेक्सॉन घ्यावी. वर्षाकाठी किलोमीटर पुष्कळ होत असतील तर डिझेल.

बुकिंगपूर्वी दोन्ही गाड्या घरच्या पाच माणसांसह चालवून पाहाव्यात, आणि ताब्यात घेताना उत्पादनाचा महिना तपासावा. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली, तर विकताना ती वर्षाने जुनी मोजली जाते.